नानांचं बाड

गाडी सुटायला पाच-सात मिनिटं असताना नानांनी विचारलं, "बाड घेतलंस ना?"

ग्वाल्हेर स्टेशनचा फलाट त्या दुपारी आमच्याच लोकांनी भरला होता. सन छप्पन, ऑक्टोबर संपत आलेला, दिवाळी तोंडावर. पहिल्या तारखेपासून नवं राज्य होणार, त्याची राजधानी भोपाळ, आणि तारखेच्या आत तिकडे हजर व्हा असा आमच्या खात्याला हुकूम. लष्कर या आमच्या भागातल्या निम्म्या गल्ल्यांतले मराठी कारकून, त्यांच्या वळकट्या, त्यांच्या सुरया आणि त्यांच्या आया, सगळं फलाटावर आलं होतं. माझ्या आईनं करंज्या सणाआधीच तळल्या होत्या आणि देवाला दाखवायच्या आधी माझ्या डब्यात भरल्या होत्या. त्याबद्दल ती तिथंच, चारचौघांत, देवाची माफी मागत होती.

"हो, ट्रंकेत आहे," मी नानांना म्हणालो.

"हात लावून पाहा."

ही माझ्या वडिलांची जन्माची सवय. किल्ली असो, तिकीट असो, छत्री असो, नुसतं 'आहे' म्हटलेलं त्यांना चालत नसे. मी खिडकीतून आत वळलो, बाकाखालच्या ट्रंकेच्या झाकणावर हात ठेवला आणि बाहेर तोंड काढून सांगितलं, "आहे." नानांचं समाधान झालं. बाड ट्रंकेत नव्हतं. ते कुठं होतं हे मला पक्कं ठाऊक होतं आणि तरी मी हात लावून पाहिल्यासारखं केलं. एवढ्या वर्षांनंतरही त्या पत्र्याचा गार स्पर्श मला आठवतो.

लष्करात मागे राहिलेल्यांना, किंवा माझ्याबरोबर त्या गाडीत बसलेल्यांना, बाड म्हणजे काय हे सांगायला नको. पण तुमच्या नातवंडांना ते ठाऊक नाही, आणि हे लिहितोय ते मुख्यतः त्यांच्यासाठी, म्हणून सांगतो. आमच्या मराठी नाट्यमंडळाचं एक नाटक होतं. दर गणेशोत्सवात सातव्या दिवशी ते व्हायचं. कीर्तन, गाणं, व्याख्यान हे सगळं दहा दिवस चालायचंच आणि लष्करात गाण्याला काही तोटा नव्हता, पण सातव्या दिवशी गल्लीतली म्हातारी माणसंसुद्धा दुपारीच जेवणं उरकून जागा धरायची. नाटकाला नाव होतं, पण सगळे त्याला 'आपलं नाटक' म्हणत. मंडळातल्याच एका जुन्या मास्तरांनी ते लिहिलेलं, कधी छापलं गेलं नाही. कृष्णाकाठच्या खेड्यातला एक तरुण फौजेबरोबर उत्तरेला निघतो, एवढीच गोष्ट. आमचं लष्कर म्हणजे तरी काय, उठायचं राहून गेलेली छावणीच. प्रत्येक घरात सात-आठ पिढ्यांमागे असा कुणी तरी निघालेला होता, त्यामुळे लोक ते नाटक घरची बाब असल्यासारखं बघत, आणि नट चुकला तर घरच्यासारखंच रागावत.

नाना त्या नाटकाचे प्रॉम्प्टर. दरबारच्या कचेरीत ते नक्कलनवीस होते, म्हणजे कागदाबरहुकूम कागद उतरवून काढणं हे त्यांचं काम. संस्थान विलीन झालं त्या साली ते निवृत्त झाले; मग गणपतीचं नाटक हीच त्यांची कचेरी झाली. अख्खं नाटक एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं, दोऱ्यानं शिवलेल्या जाड कागदांच्या चोपडीत. तेच बाड. नटांच्या हाती फक्त आपापली नक्कल असायची. तिच्यात स्वतःची वाक्यं आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याच्या भाषणाचे शेवटचे तीन-चार शब्द, म्हणजे आपण कधी तोंड उघडायचं ते कळावं. अशी रीतच होती. पंचवीस माणसांचं नाटक, पण ते सबंध ठाऊक असलेला माणूस एकच, विंगेत बाड मांडीवर घेऊन बसलेला.

शेवटची चार वर्षं तो निघालेला तरुण मी होतो. तिसऱ्या अंकात आईचा निरोप घेताना त्याचं मोठं भाषण होतं, आणि मी त्यात दर वर्षी ठरलेल्या जागी अडखळायचो. मग विंगेतून नानांचं पुढचं वाक्य यायचं. ते मला ऐकू यायचं आणि पहिल्या रांगेला यायचं नाही, अशा आवाजाला काय म्हणतात मला माहीत नाही. तालमीनंतर फूलबागेतून घरी चालताना ते माझ्याकडून ते भाषण म्हणवून घेत, आणि मी अडखळलो की म्हणत, "असू दे. मी आहे ना."

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला तेव्हा त्यांनी बाड माझ्या हाती दिलं. जुनी शाई फिकी पडत चाललीय, स्वच्छ मोठ्या अक्षरात दुसरी प्रत करून दे, म्हणाले. मी ते कचेरीत नेलं. मधल्या सुट्टीत, कधी सुट्टी नसतानाही, थोडं थोडं उतरवत बसायचो. कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून ते इतर कागदांसारखंच लाल खारव्यात बांधून टेबलावर ठेवायचो. आमच्या कचेरीत सगळे जुने कागद असेच लाल कापडात बांधलेले असत. बस्ते म्हणायचे त्यांना.

छप्पनच्या त्या ऑक्टोबरात सगळ्या बस्त्यांची वाटणी सुरू झाली. काही भोपाळला, काही ग्वाल्हेरलाच राहणाऱ्या खात्यांना, काही कुणालाच नको असलेले. प्रत्येकावर चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर, मग खोका, खोक्यावर लाख. एक दिवस बाहेरून आलेले नवे साहेब पाहणी करत माझ्या टेबलाशी थांबले. बोट दाखवून त्यांनी विचारलं, "ये किसका बस्ता है?"

खरं सांगायचं तर, नाटकाची वही आहे साहेब, एवढंच म्हणायचं होतं. फार तर बोलणी बसली असती. पण कोणाला नव्या राज्यात घ्यायचं आणि कोणाला नाही याच्या याद्या त्याच दिवसांत होत होत्या असं सगळे कुजबुजत होते. मी चोवीस वर्षांचा होतो. माझी जीभ आपोआप वळली. "डिपार्टमेंट का है, साहब."

"तो नंबर क्यों नहीं है?"

मी माझ्या हातानं चिठ्ठी लिहिली, नंबर घातला, आणि माझ्या डोळ्यांदेखत नानांचं बाड महसुलाच्या बस्त्यांमध्ये खोक्यात गेलं. वर झाकण, झाकणावर लाख. अर्धवट उतरवलेली माझी प्रतही त्याच खारव्यात होती. भोपाळला खोकी उघडतील तेव्हा अलगद काढून घेऊ, असं मी मनाशी ठरवलं. आपण काही भयंकर केलं आहे असं तेव्हा मला वाटलंही नाही.

भोपाळला आम्हांला बराकींत उतरवलं. ग्वाल्हेरची, इंदूरची, महाकोशलातली, सगळीकडची माणसं एका रांगेत, आणि प्रत्येकाला आपल्या गावची डाळ जास्त चांगली वाटायची. टेकड्यांवर नवी क्वार्टरं बांधली जात होती. तलाव दिसला की करमायचं, न दिसला की लष्कर आठवायचं. खोकी एका गोदामात छतापर्यंत रचलेली होती आणि ती उघडायला जागाच नव्हती. मी दोनदा गोदामाच्या दारापर्यंत जाऊन आलो. आत जायला अर्ज हवा, अर्जात कारण हवं, आणि कारण लिहिलं की चिठ्ठी कुणी लिहिली हा प्रश्न आलाच.

आषाढात नानांचं पत्र आलं. तालमी बसताहेत, तुझी प्रत झाली असेल नसेल, निदान जुनं बाड तरी धाड. मी उत्तर दिलं नाही. दुसरं पत्र आलं. मग मी लिहिलं की रजिस्टरनं पाठवलं आहे. महिनाभरानं लिहिलं, अजून पोचलं नाही म्हणजे पोस्टात गहाळ झालं असावं, मी चौकशी करतो. किती सहज लिहिलं! अक्षरसुद्धा नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं.

नानांचं उत्तर मी जपून ठेवलं आहे. 'बाड एकच ठेवले ही चूक माझी. निदान नक्कलनवीसाने तरी दोन प्रती ठेवायला हव्या होत्या. तू मनाला लावून घेऊ नये.'

पुढचं मला धाकट्या बहिणीच्या, सुशीच्या पत्रांतून कळत गेलं. नानांनी मंडळाच्या बैठकीत उभं राहून सांगितलं की बाड त्यांच्याच हातून गहाळ झालं. माझं नावही काढलं नाही. कुणी तरी म्हणालं की डोळे गेलेल्या माणसाकडे एकुलती एक वही ठेवायचीच कशाला, आणि नाना ते ऐकून खाली बसले. मग घरोघर जाऊन त्यांनी नटांच्या नकला गोळा केल्या. ओट्यावर बसून एकाच्या शेवटच्या शब्दांना दुसऱ्याचं वाक्य जोडायचं, ते सुशीनं लिहायचं, असं करत त्यांनी अख्खं नाटक परत उभं केलं. फक्त निघणाऱ्या तरुणाची नक्कल नव्हती, कारण ती माझी, आणि मला सगळं पाठ म्हणून मी ती केव्हाच टाकून दिली होती.

'तुझी वाक्यं तेवढी लिहून पाठव,' सुशीनं कळवलं. मी बसलो. पहिले दोन अंक भराभर उतरले. तिसऱ्या अंकातलं निरोपाचं भाषण सुरू केलं आणि नेहमीच्याच जागी अडखळलो. बराकीच्या त्या खोलीत विंग नव्हती. त्याच्या पुढचं मला कधी पाठ नव्हतंच, ते नेहमी नानांकडून यायचं, हे मला त्या दिवशी कळलं. नानांनाही ते वाचूनच द्यायची सवय. सुरुवातीची अर्धवट वाक्यं पाठवायची लाज वाटली, म्हणून मी ते भाषण सोडून बाकीचं पाठवलं. आईचं काम करणाऱ्या वत्सलाबाईंच्या नकलेत त्या भाषणाचे फक्त शेवटचे शब्द होते: 'एवढंच सांगायचं होतं, आई.'

त्या गणपतीला मी गेलो नाही. रजा मिळत नाही असं कळवलं. रजा मी मागितलीच नव्हती.

हिवाळ्यात खोकी उघडली. तिसऱ्याच दिवशी माझ्या अक्षरातली चिठ्ठी दिसली. मी बस्ता जेवणाच्या पिशवीत घालून क्वार्टरवर आणला, दार लावून घेतलं आणि तो सोडला. बाड धड होतं, एक कोपरा तेवढा ओल लागून फुगला होता. मला आनंद झाला, आणि तो आनंद चहा उकळेपर्यंतसुद्धा टिकला नाही. पोस्टात हरवलेली वस्तू महसुलाच्या खारव्यात कशी सापडली, हे काय सांगणार होतो मी? परत करावं तर खोटं उघडं पडतं, न करावं तर चोरी होते. मी चोरी पसंत केली. बाड ट्रंकेत ठेवलं, आणि आता हात लावून पाहिलं असतं तर ते खरंच तिथं होतं.

तीन वर्षं ते तिथं राहिलं. त्या तीन वर्षांत मी भोपाळच्या मराठी लोकांच्या गणपतीचा कार्यवाह झालो. बराकीसमोरच्या मैदानात आम्ही मांडव घालायचो, गाणी बसवायचो, एकदा तर शेजारच्या मोहल्ल्यातल्या कव्वालांनाही बोलावलं. लोक म्हणायचे, ग्वाल्हेरचा माणूस, याला कलेची जाण असायचीच. मी मान खाली घालायचो आणि त्यांना तो विनय वाटायचा. घरी दिवाळीला जायचो, उन्हाळ्यात जायचो, भाद्रपदात कधी गेलो नाही.

चौथ्या वर्षी सुशीचं पत्र आलं. नानांना आता काहीच दिसत नाही, नव्या चोपडीवरून प्रॉम्प्टिंग मीच करते, ते नुसते शेजारी बसतात, आणि यंदानंतर तेही बसणार नाहीत असं म्हणताहेत. 'दादा, एकदा तरी बघून जा ना. सगळे विचारतात.' मी रजा मागितली आणि ती मिळाली.

पाटणकर बाजाराच्या मागच्या आमच्या गल्लीत मांडव होता. मी शेवटच्या रांगेत बसलो. माझं काम आता बँकेतला एक मुलगा करत होता, माझ्यापेक्षा बराच बरा. तिसऱ्या अंकात तो आईसमोर आला. मी सावरून बसलो, कारण इथं खड्डा आहे हे मला माहीत होतं. तो काही बोललाच नाही. उभा राहिला. तिच्या पायांकडे बघितलं, मग दाराकडे, मग पुन्हा तिच्याकडे. मांडवात पंखे हलायचे थांबले होते. बोलायला तोंड उघडल्यासारखं केलं आणि मिटलं. कितीतरी वेळानं तो म्हणाला, "एवढंच सांगायचं होतं, आई." माझ्या पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या मावशींनी पदर डोळ्यांना लावला आणि शेजारणीला म्हणाल्या, "पाहिलंस? हाच तर सीन पाहायला येते मी."

मी नट होतो तेव्हा त्या जागी कुणी रडलेलं मला आठवत नाही.

सकाळी नाना ओट्यावर उन्हात बसले होते. मी गाडीत मनाशी मोठं निवेदन तयार केलं होतं. साहेब, चिठ्ठी, लाख, गोदाम, सगळं क्रमवार. पण त्यांच्यासमोर गेल्यावर त्यातलं काहीच आलं नाही. मी लाल बस्ता त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी आधी खारवा चाचपला, मग गाठ. ती कचेरीची गाठ होती, सगळी हयात त्यांनी तीच बांधली होती. मग आत हात घालून शिवणीचा दोरा, आणि फुगलेला कोपरा. बराच वेळ ते तो कोपरा अंगठ्यानं दाबत राहिले.

"मी रजिस्टरची पावती कधी मागितली नाही," ते म्हणाले. "तुझ्या लक्षात आलं होतं?"

आलं नव्हतं. साध्या पोस्टकार्डाचीसुद्धा तारीख टिपून ठेवणारा माणूस, आयुष्यभर पावतीशिवाय कागद हलवू न दिलेला नक्कलनवीस, त्यानं हरवलेल्या रजिस्टरची पावती एकदाही विचारली नव्हती. आणि मी तीन वर्षं निर्धास्त होतो.

"मागितली असती, तर तुला आणखी एक खोटं बोलावं लागलं असतं."

मला रडू आलं. त्यांना दिसत नव्हतं, पण कळलं असणार, कारण त्यांनी विषय बदलला. तिसऱ्या अंकातलं ते भाषण काढ आणि वाच म्हणाले. मी वाचलं. कृष्णामाई, पूर्वजांची तलवार, मातीचा टिळा, सगळं त्यात होतं, चांगलं सव्वा पान. नाना मान हलवत ऐकत होते. संपल्यावर थोडं थांबून हसले. "फार बोलतो रे हा," ते म्हणाले.

मी म्हटलं, मी आज मंडळात जाऊन सगळं सांगतो. त्यांनी बस्ता पुन्हा बांधला, न बघता, पहिल्यासारखाच नीट. "नाटक उभं राहिलंय ना. मग आता कशाला परेशान होतोस, राहू दे." आई आतून ऐकत होती, तिनं बाहेर येऊन माझ्यापुढे चहा ठेवला. मला तरी दुसरं काय हवं होतं? वडिलांनीच नको म्हटलं, या आधारावर मी संध्याकाळच्या गाडीत बसलो. आता वाटतं, त्यांनी नको म्हणायचं होतं आणि मी तरीही जायचं होतं. प्रत्येकानं आपापलं वाक्य म्हणायचं असतं.

नाना गेले, मग आई गेली. सुशी लष्करातच राहिली आणि पुढे वीस वर्षं तिनं ते नाटक विंगेतून सांभाळलं. आता तिचा मुलगा सिटी सेंटरकडच्या कॉलनीत राहतो, तीही त्याच्याकडे असते. मी भोपाळचा झालो. पंच्याऐंशी वर्षांपैकी साठ इथं गेली. तलावावरचा वारा अंगवळणी पडला, माझी मुलं एकमेकांशी हिंदीत बोलतात आणि मीही भाजीवाल्याशी जे बोलतो तेच घरी आणतो. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं तर लष्कर असंच तोंडून जातं, आणि मग मीच गोंधळतो, कारण तिथं माझी म्हणून एक खुंटीसुद्धा उरलेली नाही.

गेल्या गणपतीत सुशीच्या नातीनं, मिनूनं, नाटकाची तालीम मोबाइलवर मला दाखवली. नाटक अजून होतं, आता तासाभराचं. तिसरा अंक उरला आहे, आणि त्यातला तो न बोललेला निरोपही. मी बघत होतो तेवढ्यात तिकडे कुणाचं तरी काही सापडेना. मिनू पलीकडे वळून ओरडली, "अरे, चार्जर कुठंय? उसका भी नानांचं बाड हो गया क्या?" सगळी पोरं हसली.

मी विचारलं, हे काय म्हणालीस. ती म्हणाली, "काही नाही आजोबा, ऐसे ही बोलते हैं इथं. काही हरवलं, किसी बुड्ढे ने खो दिया, की म्हणायचं नानांचं बाड झालं. पता नहीं कोण होते नाना."

तिचे पणजोबा होते. एवढं म्हणायलासुद्धा माझी जीभ वळली नाही, आणि मग नेटवर्क गेलं.

म्हणून हे लिहितो आहे. लष्करात राहिलेल्यांनो, माझ्याबरोबर गाडीत चढलेल्यांनो, आणि तुमच्या पोरांनो. घर म्हणजे काय याचा मी आता फारसा विचार करत नाही. मला एकच घर माहीत आहे, जिथं माझी पावती कुणी मागितली नाही, आणि त्या घरातल्या माणसाचं नाव साठ वर्षं हरवलेल्या छत्र्यांना आणि चार्जरांना लावलं जातं आहे. ते थांबवा. हे लिहिताना वाटतं, त्याच मांडवात, त्याच लोकांपुढे मी उभा आहे आणि विंगेत कुणी नाही, तरी या वेळी अडखळणार नाही. बाड नानांनी हरवलं नव्हतं. ते मी हरवलं, मी लपवलं, आणि त्यांनी ते स्वतःच्या नावावर घेतलं.

एवढंच सांगायचं होतं.